नागपुरातले जिम्नॅस्टिक्सचे क्लास : प्रशिक्षक स्पर्धेकडे कसे बघतात, त्यावरून केलेली पारख

जिम्नॅस्टिक्सचा क्लास निवडताना नागपुरातले पालक साधारण चार गोष्टी विचारतात. घरापासून किती लांब, फी किती, बॅच शाळेच्या वेळेत बसते का, आणि इथली मुलं कुठवर खेळली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी भिंतीवरच टांगलेलं असतं : पदकं, फ्रेम केलेली प्रमाणपत्रं, पेपरची कात्रणं. त्यावरून मुलं स्पर्धेला गेली एवढं कळतं. ती कोणत्या तयारीनं गेली, पडली तेव्हा प्रशिक्षक काय बोलले, आणि त्यांतली किती जण दोन वर्षांनी अजून खेळत होती, ते कळत नाही. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे. प्रशिक्षकाची स्पर्धेकडे बघण्याची नजर रोजच्या सरावात उतरते आणि सरावातून ती मुलाच्या मनगटात, टाचेत, कमरेत उतरते. म्हणून हे परीक्षण त्याच एका अंगानं केलं आहे. क्लासची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच हॉलमध्ये सकाळची बॅच एका सरांची आणि संध्याकाळची दुसऱ्या मॅडमची असते, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. पारख नावाच्या पाटीची नाही, प्रशिक्षकाची करायची असते.

शहरात मिळणारी सेवा ढोबळमानानं तीन तऱ्हेची. पहिली, साधनं असलेला हॉल : फ्लोअर, बीम, अनइव्हन बार, व्हॉल्टिंग टेबल, मुलांसाठी पॅरलल बार आणि रिंग्ज. दुसरी, शाळेतला वर्ग. पीटीच्या सरांकडे किंवा बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाकडे. तिसरी, संध्याकाळी भाड्यानं घेतलेला हॉल किंवा सोसायटीचं सभागृह, जिथं त्याच जागेत आधी झुंबा आणि नंतर तायक्वांदो चालतं. यांच्या जोडीला जुन्या व्यायामशाळांची परंपरा आहेच. दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीत 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, तिथल्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली होती. मल्लखांबावर तयार झालेलं मूल जिम्नॅस्टिक्सला आलं की पकड, खांदा आणि उलटं लटकण्याची भीड या तिन्ही बाबतींत ते बरंच पुढे असतं.

साधनांचा आणि स्पर्धेचा संबंध थेट आहे. अधिकृत बीम 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून 125 सेंटिमीटर उंच असतो. ज्या वर्गात फक्त जमिनीला टेकलेला बीम आहे तिथल्या मुलीला कार्टव्हील (हातांवरून चाकासारखी बाजूची कोलांटी) व्यवस्थित येत असते. पण स्पर्धेच्या दिवशी तेच कार्टव्हील छातीच्या उंचीवर करायचं आलं की तिची नजर बीमच्या टोकावरून सुटून खाली जाते आणि हात चुकीच्या जागी पडतो. दोष मुलीचा नसतो. मधल्या उंच्या, म्हणजे 40, 60, 90 सेंटिमीटर, तिच्या सरावात आल्याच नाहीत. चांगला प्रशिक्षक अशा वेळी एक तर दुसऱ्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन दिवस उंच बीमची सोय करतो, नाही तर त्या वर्षी बीमवर नाव देत नाही. जो म्हणतो, ‘होऊन जाईल, तिला भीती नाही,’ त्याच्या वर्गाला आम्ही इथंच गुण कमी करतो.

तिसऱ्या तऱ्हेच्या वर्गांत सगळ्यात मोठी अडचण मॅटची. एकमेकांत अडकवायच्या फोमच्या चौकोनी मॅट तायक्वांदोला आणि स्ट्रेचिंगला ठीक असतात. खाली कोटा फरशी आणि वर दोन-तीन सेंटिमीटरचा फोम, यावर राउंड ऑफ (कार्टव्हीलसारखीच, पण दोन्ही पाय एकत्र टेकवायची) आणि फ्लिक (मागे उडी घेऊन हातांवरून पलटी) यांचा रोजचा सराव घेणं म्हणजे प्रत्येक उडीचा हादरा टाचेला आणि गुडघ्याला देणं. स्पर्धेत उतरण्याच्या जागी 20 सेंटिमीटर जाडीची मॅट असते, आणि 12 बाय 12 मीटरच्या फ्लोअरखाली स्प्रिंगचा थर असतो. त्यामुळे कडक जागी शिकलेली मुलं स्प्रिंगच्या फ्लोअरवर गेली की उडी लांब जाते, हिशेब चुकतो आणि ती रेषेबाहेर जातात. अशा हॉलमध्ये कोलांट्या, हँडस्टँड, ब्रिज (मागे वाकून कमान), वॉकओव्हर (कमानीतून एकेक पाय टाकत पलटी), लवचीकता आणि ताकद एवढं उत्तम शिकवता येतं. तेवढंच शिकवणारे प्रामाणिक वर्ग शहरात आहेत. लहान मुलांसाठी ते पुरेसे आहेत, आणि सहा वर्षांच्या मुलाला तिथं घालायला आमची काही हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधी कोणत्याही वर्गात जाऊन बसा आणि एकच गोष्ट बघा : मुलांच्या सेटमध्ये, म्हणजे स्पर्धेत सलग करायच्या कसरतींच्या मालिकेत, काय घातलं जातंय. काही प्रशिक्षक सेट भरतात. अजून पुरतं न आलेलं कौशल्य घालतात, कारण दुसऱ्या क्लबची मुलं ते करतात. काही प्रशिक्षक सेट गाळतात. सरावात जे येतं त्याच्या एक पायरी खालचं स्पर्धेत, हा त्यांचा नियम असतो. पालकांना पहिला प्रशिक्षक महत्त्वाकांक्षी वाटतो आणि दुसरा भित्रा. गुणांचा हिशेब मात्र दुसऱ्याच्या बाजूनं आहे.

हा हिशेब पालकांनी एकदा समजून घ्यावा. 2006 पासून आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत दोन भाग आहेत : काठिण्याचे गुण, आणि मांडणीचे गुण, जे 10 पासून सुरू होतात आणि चुकीगणिक कमी होत जातात. ए गटातल्या कौशल्याला 0.1, बी गटातल्याला 0.2, सी गटातल्याला 0.3 असं मोल असतं. म्हणजे ए काढून त्या जागी बी घातलं की कमाई 0.1 ची. कापणी कशी होते ते बघा : लहान चूक 0.1, मध्यम 0.3, मोठी 0.5 आणि पडलं तर पूर्ण 1.0. गुडघा थोडा वाकला, 0.1. उतरताना एक मोठं पाऊल पुढे गेलं, 0.3. अर्धंमुर्धं आलेलं बी कौशल्य घालून 0.1 कमावायला निघालेलं मूल वाकलेल्या गुडघ्यांवर आणि सुटलेल्या पायांवर त्याच्या तिप्पट-चौपट घालवतं, आणि पडलं तर दहापट. वयोगटाच्या आणि शालेय स्पर्धांत नियम सोपे केलेले असतात, काही ठिकाणी ठरवून दिलेले सेट असतात, पण पडण्याची शिक्षा कौशल्याच्या मोलापेक्षा जबर, हे तत्त्व तिथंही सुटत नाही. त्यामुळे घाई करणारा प्रशिक्षक मुलाच्या शरीराशी खेळतोच, वर गुणही गमावतो. तरीही घाई होते, कारण बघणाऱ्यांना फ्लिक दिसते, ताणलेले पाय दिसत नाहीत. व्हिडिओला टाळ्या कशाला मिळतात, हे प्रशिक्षकालाही ठाऊक असतं.

फ्लिक, म्हणजे बॅक हँडस्प्रिंग, हीच कसोटी धरा. नागपुरात ‘तुमच्या मुलीला फ्लिक येते का?’ हा प्रश्न जवळजवळ इयत्तेसारखा विचारला जातो. ती शिकवण्याची वाट ठरलेली आहे. पोट भिंतीकडे करून हँडस्टँड, 30 सेकंद, कमरेत बाक न येता. खांद्यातून उघडलेला ब्रिज. ज्याचा ब्रिज फक्त कमरेतून वाकतो ते मूल फ्लिकमध्येही कमरेतूनच वाकणार आणि सगळा भार कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर घेणार. मग ब्रिजमधून पाय टाकून पलटी. मग उतारावरच्या मॅटवर बॅक वॉकओव्हर. मग मागे बसत उडी मारून उंच क्रॅश मॅटवर पाठ टेकणं, म्हणजे दिशा मागे जाते आणि मूल जागच्या जागी वर उडत नाही. मग गोल ड्रमवरून, मग प्रशिक्षकाच्या दोन हातांच्या आधारानं, एक हात कमरेला आणि एक मांडीमागे. मग एका हाताच्या. आणि सगळ्यात शेवटी एकट्यानं. तळहात टेकताना कोपरं ताणलेली आणि बोटं किंचित आत वळलेली हवीत. बोटं बाहेर गेली तर कोपर उलटं वाकण्याचा धोका असतो. ही वाट काही मुलं चार महिन्यांत चालतात, काहींना दीड वर्ष लागतं. जिल्हा स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे म्हणून ड्रम आणि उतार गाळून थेट हातांच्या आधारावर फ्लिक मारून घेणारा प्रशिक्षक दिसला, तर त्याच्या भिंतीवर कितीही पदकं असोत, आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे.

स्पर्धेआधीचं चांगलं वेळापत्रक ओळखणं अवघड नाही. आठ आठवडे आधी सेट पक्का होतो आणि त्यानंतर त्यात काही वाढत नाही, झालं तर कमी होतं. पुढचे तीन आठवडे अर्धा-अर्धा सेट, मग पूर्ण सेट. बीमचा आणि मुलींच्या फ्लोअरचा सेट जास्तीत जास्त 90 सेकंदांचा असतो, तेवढा वेळ दम टिकला पाहिजे. ज्याचा दम साठाव्या सेकंदाला संपतो ते मूल शेवटच्या टंबलिंगवर (कोलांटउड्यांच्या मालिकेवर) पडतं, आणि मग ‘एकाग्रता नाही’ असं ऐकून घेतं. सलग पाच वेळा न पडता सेट झाला तरच त्या साधनावर नाव. शेवटच्या आठवड्यात सराव निम्मा. कमकुवत वर्गांत नेमकं उलटं होतं. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ बॅच, रविवारी तीन तास, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री तळहाताची सोललेली कातडी घेऊन मूल झोपतं. बारवर सोललेला तळहात बरा व्हायला काही दिवस द्यावेच लागतात. मॅग्नेशियम पावडर जास्त लावून तो बरा होत नाही.

स्पर्धेच्या दिवशी प्रशिक्षकाकडे जरा लांबून बघा. स्पर्धा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात असो की एखाद्या शाळेच्या सभागृहात, वाट बघणं खूप असतं. सकाळी आठला हजेरी आणि नंबर दुपारी दोनला, हे नेहमीचं. जाणता प्रशिक्षक मुलांना दोनदा वॉर्मअप देतो, एकदा सकाळी आणि एकदा नंबराच्या 20 मिनिटं आधी. मधल्या वेळात थोडं-थोडं खायला लावतो : केळी, चिक्की, पोळीचा रोल. वडापाव-समोसा नंतर. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची सकाळ चांगलीच गार असते, तेव्हा लिओटार्डवर (अंगाला घट्ट बसणाऱ्या खेळाच्या पोशाखावर) ट्रॅकसूट शेवटच्या क्षणापर्यंत काढू देत नाही. मूल बीमवरून पडलं तर परत चढायला नियमानं 10 सेकंद मिळतात. ते दहा सेकंद कसे वापरायचे हे सरावात शिकवलेलं असतं : उभं राहा, श्वास सोड, हात लाव, चढ. ज्या वर्गात हे शिकवलेलं नसतं तिथलं मूल पडल्याबरोबर आधी सरांच्या चेहऱ्याकडे बघतं. ती एक नजर आम्हाला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगून जाते.

सेट संपल्यावर पहिलं वाक्य काय येतं तेही ऐका. ‘कितवा नंबर आला?’ हे पालकांचं वाक्य असतं आणि ते आपण समजू शकतो. प्रशिक्षकाचं पहिलं वाक्य तांत्रिक आणि खरं असावं : ‘माउंट छान झाला, लीपमध्ये मागचा पाय खाली राहिला, सोमवारी बघू.’ (माउंट म्हणजे साधनावर चढणं, लीप म्हणजे हवेत पाय फाकवून घेतलेली उडी.) खोटं कौतुकही नको. मुलांना ते लगेच कळतं. आणि सगळ्यांसमोर तुलना तर अजिबात नको. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर वर्षानुवर्षं काम केलं. प्रशिक्षकांना चुकीनंतर धीर देणं, नेमकी सूचना करणं आणि शिक्षा टाळणं एवढंच शिकवलं. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढच्या मोसमात खेळ सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण अशा प्रशिक्षकांकडे 5 टक्के होतं, इतरांकडे 26 टक्के. दोन्ही गटांच्या हार-जितीत मात्र फरक नव्हता. खेळ बेसबॉल, देश अमेरिका, तरी आपल्या हॉलमध्ये जे दिसतं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

वयाबद्दल दोन शब्द. ‘आठव्या वर्षी मेडल नाही तर कधी?’ असं म्हणणारे प्रशिक्षक अजून आहेत. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानं मुलींना त्या वर्षात 16 पूर्ण होत असल्याशिवाय आणि मुलांना 18 पूर्ण होत असल्याशिवाय वरिष्ठ गटात खेळताच येत नाही. दीपा कर्माकर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली तेव्हा 23 वर्षांची होती, आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं सुवर्ण तिनं 2024 मध्ये, तिशी ओलांडल्यावर जिंकलं. तिचे तळपाय सपाट होते; तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी आधी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोला खेळली तेव्हा 46 वर्षांची होती. नॉर्वेत तर 11 व्या वर्षापर्यंत मुलांच्या स्पर्धांचे निकाल क्रमवारीनं लावायलाच मनाई आहे आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धा 13 च्या आधी नाहीत. आपल्याकडे तसा नियम नाही, पण एखादा प्रशिक्षक स्वतःहून आठ वर्षांखालच्या मुलांना फक्त वर्गातल्या वर्गात, पालकांसमोर प्रात्यक्षिक करायला लावत असेल तर तो मागे पडलेला नाही. त्याला पुढचं दिसतंय.

दुखण्याकडे बघण्याची रीत हा वर्गाचा आणखी एक आरसा. चार जागा लक्षात ठेवा. मनगटाची अंगठ्याकडची बाजू, हातावर भार घेतला की दुखते. तिथं वाढीची पट्टी असते आणि दुर्लक्ष झालं तर ती वेळेआधी बंद होऊन हाड आखूड राहू शकतं. टाच, साधारण आठ ते चौदाच्या वयात, विशेषतः उंची झपाट्यानं वाढताना. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा. आणि कंबर, मागे वाकल्यावर दुखणारी. कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखली तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. सुरुवातीची भेग साध्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही, एवढं लक्षात असू द्या. ‘एवढं तर होतंच, स्पर्धा झाली की आराम कर’ हे वाक्य जिथं नेहमीचं आहे तिथं मुलं दुखणं लपवायला शिकतात. उलट चांगल्या वर्गात मनगट दुखणाऱ्या मुलीला घरी पाठवत नाहीत. तिचा त्या दिवसाचा पाठ बदलतात : पोटाची ताकद, लीप, लटकण्याचे व्यायाम, उतरण्याची तालीम. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा डॉक्टर सांगतात तो साधा नियम. नऊ वर्षांच्या मुलीला आठवड्याला पंधरा तास मागणाऱ्या प्रशिक्षकाला कारण जरूर विचारा.

स्प्लिट (दोन्ही पाय एका रेषेत फाकवणं) उघडण्यासाठी मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर बसणं अजून काही ठिकाणी चालतं. स्पर्धा जवळ आली की ते वाढतं. जांघेतला स्नायू एकदा फाटला की पुढे सतत त्रास देतो, आणि ढकलून उघडलेला स्प्लिट लीपमध्ये हवेत उघडत नाही, कारण तिथं पाय उचलायला ताकद लागते. वजनावरून बोलणं याहून वाईट. वाढत्या वयातल्या मुलीला ‘जेवण कमी कर’ सांगणारा प्रशिक्षक तिच्या हाडांचं नुकसान करतो. पंधरा पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल तर ती खेळाची खूण समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पोशाखाचा संकोच असेल तर पूर्ण पायांचा लिओटार्ड नियमात बसतो. जर्मनीच्या मुली टोकियो ऑलिम्पिकमध्ये तसाच घालून उतरल्या होत्या. हे सांगणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याचं मोल करा. आठवी-नववीत कितीतरी मुली या एका कारणानं न बोलता खेळ सोडतात.

प्रमाणपत्रांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होणाऱ्या शालेय स्पर्धा वेगळ्या, आणि कुणीही हॉल भाड्यानं घेऊन भरवलेल्या ‘नॅशनल’, ‘ओपन’ स्पर्धा वेगळ्या. दुसऱ्या प्रकारात वयोगट आणि प्रकार इतके बारीक पाडलेले असतात की कधी एका गटात तीनच मुलं आणि तिघांनाही पदक. लहान मुलाला लोकांसमोर उभं राहण्याचा सराव म्हणून एखादी अशी स्पर्धा चालेल. पण दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे सवलतीचे गुण हवे असतील तर स्पर्धा शासनाच्या यादीत बसणारी लागते, आणि पडताळणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होते. पैसे भरण्याआधी त्याच कार्यालयात विचारून घ्या. प्रशिक्षकाला फीचा हिशेबही फोडून मागा : मासिक फी, स्पर्धेची प्रवेश फी, नोंदणी, पोशाख, प्रवास, आणि सोबत येणाऱ्या प्रशिक्षकाचा खर्च. वर्षातून पाच-सहा बाहेरगावच्या ओपन स्पर्धा जिथं जवळजवळ सक्तीच्या आहेत तिथं स्पर्धा हा मुलांच्या शिकण्याचा भाग न राहता क्लासच्या उत्पन्नाचा भाग झालेली असते.

नागपूरचा उन्हाळा वेगळा धरावा लागतो. पारा 45 च्या आसपास असताना पत्र्याच्या छपराखाली दुपारी चारची बॅच चालवणं धोक्याचं; एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते आठ हीच वेळ. कूलर लावला की हवा दमट होते, मॅटचं कापड ओलसर राहतं, हात बारवरून सटकतात. म्हणून कूलरचा झोत बार आणि बीमवर थेट नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि दर 15-20 मिनिटांनी पाणी हवं. ‘पाणी नंतर’ ही शिस्त नव्हे. उन्हाळी शिबिराच्या शेवटी स्पर्धा ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. महिनाभराच्या मुलांची स्पर्धा घेण्यात आम्हाला काही अर्थ दिसत नाही. तेच प्रात्यक्षिक म्हणून घेतलं तर मुलं खूश होतात आणि कुणी पडत नाही.

दार उघडं आहे का, हेही बघा. पालकांना सराव दिसेल अशी जागा हवी. रोज नसली तरी ठरावीक दिवशी हवीच. मुलीला आधार देताना कुठं हात लागतो आणि का, हे प्रशिक्षकानं आधी सांगितलेलं असावं. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक किंवा पालक असलाच पाहिजे. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर यानं केलेल्या मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण 2016 मध्ये उघड झालं, ब्रिटनमध्ये 2022 मध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या गैरवागणुकीवरचा व्हाइट अहवाल आला. दोन्हीकडे दिसलं ते हेच की पदकांच्या नादात मोठ्यांनी मुलांच्या तक्रारी ऐकल्याच नाहीत. आपल्याकडे पॉक्सो कायदा 2012 पासून आहे; तो ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती मुलांचा वर्ग नसावा. पात्रता विचारायला लाजू नका. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एक वर्षाची पदविका आणि तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, दोन्हींना लोक ‘एनआयएस’ म्हणतात. दोन्हींत फरक मोठा आहे.

तर निवड अशी. चार ते सात वर्षांसाठी घराजवळचा, मॅट बरी असलेला, स्पर्धा न घेणारा वर्ग. लांबच्या मोठ्या हॉलचा प्रवास या वयात वाया जातो. सात ते अकरासाठी साधनं असलेला हॉल, आणि तिथला असा प्रशिक्षक जो सेट गाळतो. यासाठी रोज अर्धा-पाऊण तास प्रवास पडला तरी चालेल. शाळेतला वर्ग शाळेच्या प्रवेशिकेसाठी लागतोच, कारण शालेय स्पर्धेत नाव शाळेकडून जातं. पण खरा सराव बाहेर होत असेल तर दोन्ही प्रशिक्षकांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. नाही तर एक बॅक वॉकओव्हर सुधारत असतो आणि दुसरा त्याच आठवड्यात फ्लिक मारून घेत असतो.

आणि नववी. नागपुरात नीट-जेईईच्या शिकवण्या सुरू झाल्या की हॉल रिकामे होतात. आठवड्याला पाच दिवस नाही तर नाहीच, अशी अट घालणाऱ्या प्रशिक्षकाकडची मोठी मुलं तिथंच संपतात. काही मोजक्या वर्गांनी नववी ते बारावीसाठी आठवड्यातून दोन दिवसांची, रविवार धरून, बॅच ठेवली आहे. त्यात स्पर्धेची अट नाही. ज्याला खेळायचं तो एका-दोन साधनांवर खेळतो, बाकीचे लहान मुलांना हँडस्टँडला आधार द्यायला मदत करतात. प्रवेश घेताना ही बॅच आहे का आणि तिच्यात सध्या किती मुलं आहेत, एवढं जरूर विचारा, मूल सहा वर्षांचं असलं तरी.